रांजण भरायचं कोण?

मागच्या अंकात मी शेवटी सहज दोन ओळी टाकल्या होत्या की एसी-कूलर घरोघरी नव्हते तेव्हा आपल्या मराठवाड्यातला उन्हाळा कसा काढला ते आठवत असेल तर लिहा, काही विचारायचं असेल तर विचारा. वाटलं होतं पाच-सहा पत्रं येतील आणि एका पानात विषय उरकेल. पण पोस्टकार्डं आली, वहीच्या पानांचे फोटो आले, आणि एका भाऊंनी तर नऊ मिनिटांची ऑडिओ क्लिप पाठवली ज्यात मागं कूलर एवढा घरघरतोय की ते नेमकं कशाबद्दल बोलतायत ते मला अजून कळलेलं नाही. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही, सात प्रश्न घेतलेत. मी चौतीस वर्षं खेड्यातल्या शाळेत विज्ञान शिकवलंय, त्यामुळं मधेमधे मास्तरकी होईल, तेवढं सांभाळून घ्या.

प्रश्न : सर, माझे आजोबा सारखं म्हणतात की आमच्या काळी एवढं ऊनच नव्हतं म्हणून आम्हाला एसी लागला नाही. आणि लगेच पुढच्या वाक्यात सांगतात की आम्ही भर उन्हात अनवाणी जायचो, पाय भाजून निघायचे. दोन्ही एकदम कसं खरं असेल? (वाचक, नांदेड, सध्या पुण्यात)

अरे, दोन्ही खरं आहे, फक्त ते दोन वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलतायत. आधी आकड्याचं बघू. केंद्राच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाचा २०२० चा अहवाल आहे, त्यात १९०१ ते २०१८ मध्ये देशाचं सरासरी तापमान साधारण ०.७ डिग्रीनं वाढलं असं दिलंय. पाऊण डिग्री म्हणजे ऐकायला काहीच वाटत नाही, पण ती वर्षभराची आणि सगळ्या देशाची सरासरी आहे, प्रत्यक्षात ती अशी येते की मेमध्ये जीव घेणारे दिवस आधी असायचे त्यापेक्षा आता जास्त होतात. तरी परभणी-नांदेडला मेमध्ये ४२ डिग्री ही तेव्हाही बातमी नव्हती आणि आताही नाही. हवामान खात्याच्या हिशोबात तर मैदानी भागात पारा ४० च्या वर आणि शिवाय नेहमीपेक्षा साडेचार डिग्री जास्त गेला, किंवा सरळ ४५ ला टेकला, तरच उष्णतेची लाट धरतात. आपलं नेहमीचंच एवढं की आपली लाट लागायला पण लई जोर लागतो.

मग आजोबांना ऊन कमी का आठवतंय? कारण उन्हाच्या वेळेला ते उन्हात नव्हतेच, हे खरं उत्तर. आमच्या गावात चैत्र लागला की सगळा दिवसच सरकायचा. येरवाळी चार-साडेचारला बैलं जुंपून उन्हाळी नांगरट सुरू, नऊ-साडेनऊला औत सोडलेलं. मार्चपासून सकाळची शाळा. अकरानंतर गाव असं गप्प व्हायचं की कुणाच्या घरात जातं फिरतंय ते चार घरं सोडून ऐकू यायचं. किराणावाला दाराला ओलं पोतं लावून आत लवंडलेला, त्याला उठवून गूळ मागितला तर शिव्या खायच्या. ढाळजेत, म्हणजे वाड्याच्या दाराजवळच्या ओसरीत, म्हातारी माणसं, लिंबाखाली पोरं, गुरं गोठ्यात. चार-साडेचारला ऊन कललं की परत सगळं चालू. म्हणजे तुझ्या आजोबांना दुपारच्या चार-पाच तासांची चक्क सुट्टी होती, आणि ती कुणाला मागावी लागत नव्हती. तुला पुण्यात दुपारी दोनला मीटिंग असते, तुझ्या दारात दोनलाच पार्सलवाला पोरगा उभा असतो, आणि तो कुठनं आलाय विचार एकदा, निम्म्या वेळा आपल्याच भागातला निघतो.

अनवाणीचं म्हणशील तर ते शाळा सुटल्यावरचं असणार. सकाळची शाळा सुटायची साडेदहा-अकराला आणि घरी येईपर्यंत फुफाटा तापलेला. आम्ही पळसाची पानं तळपायाला बांधायचो, ती दोनशे पावलंसुद्धा टिकायची नाहीत, मग एका झाडाच्या सावलीतनं दुसऱ्या झाडाच्या सावलीत पळायचं आणि तिथं एका पायावर उभं राहून दुसरा गार करायचा. (लग्न मात्र तेव्हाही मेमध्ये, पत्रिकेत बारा पस्तीसलाच आणि लागायचं दीडला. सगळा गाव दुपारी झोपतो आणि लग्नच तेवढं का दुपारी, ह्याचं उत्तर माझ्याकडं नाही.)

प्रश्न : नवीन माठ आणला, तीनशे रुपये दिले, पण पाणी नळाच्या पाण्यापेक्षा जरा बरं एवढंच. आमच्या आईच्या रांजणातलं पाणी दातात कळ मारायचं. माती बदलली का माठवाले फसवतात? (वाचक, जालना)

दोन्ही थोडं थोडं असेल, पण आधी सांगा माठ ठेवलाय कुठं? माझा अंदाज, किचनच्या कोपऱ्यात, ओट्याखाली, वर स्टीलचं घट्ट झाकण. बरोबर ना? माठ स्वतः काही गार करत नाही हो, पाणी झिरपून बाहेर येतं आणि वाऱ्यानं उडून जातं, उडताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं, एवढंच यंत्र आहे. एक लिटर पाणी उडून जाताना जेवढी उष्णता उचलतं तेवढ्यात साधारण अठ्ठावीस लिटर पाणी वीस डिग्रीनं गार होईल. हा वहीतला हिशोब झाला, बाहेरनं उष्णता येतच राहते म्हणून प्रत्यक्षात तेवढं होत नाही, पण ताकद किती ते कळावं म्हणून सांगितलं. तेव्हा माठाला वारा पाहिजे, सावली पाहिजे आणि त्याची अंगावरची छिद्रं मोकळी पाहिजेत. साबणानं घासला की संपलं, काथ्यानं नुसत्या पाण्यानं घासा. आणि हल्ली रंग दिलेले, फुलं काढलेले, नळ बसवलेले चकचकीत माठ मिळतात ना, ते शोभेला ठेवा, रंगानं छिद्रं बुजली की तो माठ आणि स्टीलची टाकी सारखीच. खाली तिवई किंवा वाळू, अंगाला ओलं बारदान. पाण्यात वाळ्याची जुडी टाकली तर वास छान येतो, पण त्यानं गार होतं हा समज आहे.

ह्याच तत्त्वावरची एक वस्तू आता कुणाला आठवत पण नसेल, छागल. जाड कॅनव्हासची पिशवी, पाणी भरून जीपला नाहीतर रेल्वेच्या खिडकीबाहेर टांगायची. मनमाडकडं जाणाऱ्या मीटरगेजच्या गाडीला उन्हाळ्यात खिडक्या-खिडक्यांना ह्या छागली लोंबायच्या, गाडी पळाली की पाणी गार आणि गाडी थांबली की कोमट. आमचे मामा म्हणायचे क्रॉसिंगला गाडी लटकली की माणूस दोनदा तापतो.

प्रश्न : एसीला दीड टनाचा का म्हणतात? आमच्या इथं दोन पोरांनी उचलून दुसऱ्या मजल्यावर नेला. (वाचक, अंबाजोगाई)

झकास प्रश्न. हा टन एसीच्या वजनाचा नाही, बर्फाचा आहे. यंत्रं यायच्या आधी गारवा म्हणजे बर्फ, म्हणून यंत्राची ताकदसुद्धा बर्फातच मोजायची सवय अमेरिकेत पडली. त्यांचा टन म्हणजे आपले ९०७ किलो, आणि तेवढा बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेईल तेवढी ओढणारं मशीन म्हणजे एक टनाचं. म्हणजे तुमच्या भिंतीवर रोजचा साडेतेराशे किलो बर्फ टांगलाय असं समजा. माझ्या लहानपणी पूर्ण तालुक्याला तेवढा बर्फ येत नसेल. जी लादी यायची ती लाकडाच्या भुशात आणि गोणपाटात गुंडाळून, गारेगारवाल्यासाठी नाहीतर पाटलांच्या लग्नासाठी, आणि उतरवताना तुकडा पडला तर तो उचलायला आम्ही कुत्र्यांच्या आधी पोचायचो. आणखी एक, १९०२ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात विलिस कॅरियर नावाच्या इंजिनिअरनं हे यंत्र मांडलं ते माणसांसाठी नव्हतंच, छापखान्यातला कागद दमट हवेनं फुगायचा आणि रंग एकावर एक नीट बसायचे नाहीत म्हणून. माणसाला गारवा नंतर मिळाला, कागदाला आधी.

प्रश्न : औशाजवळ आमचं वडिलोपार्जित नऊ खणांचं माळवद आहे. पोरगा म्हणतो पाडून स्लॅब टाकू, शेजारी बांधलेल्या दोन खोल्यांत त्यानं एसी पण लावलाय. मला मात्र दुपारी माळवदातच झोप लागते, एसीत सांधे धरतात. घर ठेवावं का पाडावं? (वाचक, वय ७१)

भाऊ, हा प्रश्न लातूर जिल्ह्यातनं आलाय म्हणून जरा थांबून लिहितो, नाहीतर मी पण पटकन 'जुनं ते सोनं' म्हणून मोकळा झालो असतो.

हे मातीच्या छताचं माळवद गार का असतं ते तुम्हाला माहितीये, पण पोराला सांगायला म्हणून लिहितो. दोन-दोन फुटांची दगडमातीची भिंत, वर सागाच्या नाहीतर बाभळीच्या तुळया, त्यावर किलचा म्हणजे लाकडाच्या चिरफळ्या, त्यावर पाला आणि वर पांढरीची माती. ही पांढरी म्हणजे जुन्या गावठाणाची माती, काळ्या रानाची नव्हे, ती दाबली की पाणी धरत नाही आणि रंगानं फिक्की म्हणून ऊनही कमी पिते. दुपारचं ऊन एवढ्या जाड मातीतनं आत पोचेपर्यंत रात्र उलटते आणि तोवर बाहेर गार झालेलं असतं. वर साणं, म्हणजे छतातला झरोका, असतं त्यातनं गरम हवा निघून जाते. स्लॅब चार-पाच इंचाचा, त्याला तापायला तीन-चार तास पुरतात, म्हणून संध्याकाळी सात-आठला बाहेर वारा सुटलेला असतो आणि आपण घरात भट्टीत बसल्यासारखे. पत्र्याचं तर बोलूच नका. पोराला स्लॅबच्या खोलीत एसी लागला ह्यात त्याची चूक नाही, त्या खोलीला तो लागणारच.

पण भाऊ, ३० सप्टेंबर १९९३. पहाटे तीन छप्पन. अनंत चतुर्दशीची रात्र, गणपती बुडवून लोक नुकते झोपले होते. किल्लारी तुमच्यापासून काही लांब नाही, मी काय सांगणार. भूकंप फार मोठ्या ताकदीचा नव्हता, सहाच्या थोडा वर, पण माणसं गेली ती जवळपास दहा हजार आणि ती बहुतेक ह्याच गार भिंतींनी आणि ह्याच गार छतानं नेली. गोल दगड मातीत रचलेले, भिंतीच्या आतल्या आणि बाहेरच्या अंगाला जोडणारा आरपार दगड नाही, आणि डोक्यावर दरसाली नवी माती टाकून टाकून दीड-दोन फुटांचा ढीग. मी तेव्हा शाळेच्या मास्तरांबरोबर ज्वारीची पोती आणि चादरी घेऊन गेलो होतो. तिथं एक माणूस मला मातीचा ढीग दाखवून म्हणाला की मास्तर, ह्याच्याखाली लई गार वाटायचं. त्यानंतर मला माळवदाचं कौतुक करायला जीभ जरा जड होते. लोकांनी नंतर पत्रा पसंत केला, उन्हात भाजलं तरी चालेल पण डोक्यावर माती नको, हे मी कानांनी ऐकलंय आणि त्यांना चूक म्हणायची माझी टाप नाही.

तरी पाडाच असं मी म्हणत नाही. त्याच भूकंपात एक गोष्ट दिसली की जिथं छताचा भार लाकडी खांब-तुळयांच्या खणावर होता आणि सांधे नीट होते तिथं पुष्कळ ठिकाणी भिंती बाहेरच्या बाजूला ढासळल्या पण छत खांबांवर उभं राहिलं. खण म्हणजे दोन खांबांमधला गाळा, आणि तुमचं नऊ खणांचं म्हणजे खांब आहेत. तेव्हा आधी जाणकार इंजिनिअर बोलवा, भूकंपानंतर आपल्याकडं घरं बळकट करायचं काम केलेले लोक आहेत. वरची जादा माती उतरवणं, भिंतीत आरपार दगड किंवा काँक्रीटचे तुकडे बसवणं, खांब आणि तुळईच्या कोपऱ्यात तिरके टेकू, वाळवी लागलेलं लाकूड बदलणं, हे सगळं होतं. ते होईपर्यंत, आणि हे मी हात जोडून सांगतो, दुपारची झोप माळवदाबाहेर घ्या. झालं की मग खुशाल आत झोपा. आणि पोराचा स्लॅब तापत असेल तर वर चुन्याचे दोन हात मारायला सांगा, पांढऱ्या रंगानं फरक पडतो, एसीचं बिलही उतरतं. एसी २४ वर ठेवला तर सांधेपण कमी धरतील, २०२० पासून नवे एसी कंपनीतनंच २४ वर लावून येतात ते उगंच नाही.

प्रश्न : उन्हात जाताना खिशात कांदा ठेवला की ऊन लागत नाही हे खरं का? आमच्याकडं मोटरसायकलवाले पण ठेवतात. (वाचक, माजलगाव)

नाही. खिशातला कांदा खिशालाच गार करत नाही तर तुम्हाला काय करणार. घोळणा फुटला की आई कांदा फोडून नाकाशी धरायची, पण रक्त थांबायचं ते तिनं डोकं पुढं झुकवून नाक चिमटीत दाबून धरलेलं असायचं त्यानं. कांद्याचा एकच उपयोग मला मान्य आहे, भाकरीसोबत खा, त्यानं पाणी आणि ताक जास्त पिलं जातं.

गमतीचा भाग सोडून सांगतो. ऊन लागलेला माणूस बडबड करायला लागला, झोकांड्या द्यायला लागला, अंग चुलीसारखं तापलं, म्हणजे ताप १०४ च्या वर, तर तो उष्माघात आहे आणि त्यात वेळ घालवायचा नसतो. सावलीत घ्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता आणि वारा घाला, माठाचंच तत्त्व आहे, आणि त्याच वेळी दवाखान्यात न्यायची तयारी करा. शुद्धीवर नसेल तर तोंडात पाणी ओतू नका, छातीत जातं. नुसतं चक्कर, गोळे येणं, मळमळ एवढंच असेल तर सावली, मीठ-साखर-पाणी, पन्हं, ज्वारीची आंबील. डोक्याला पांढरी दस्ती ओली करून बांधा. कांदा घरी ठेवा.

प्रश्न : नवीन मोठा कूलर घेतला, पहिले दहा मिनिटं छान, नंतर खोलीत चिकचिक होते. वॉरंटीत देऊ का? (वाचक, परभणी)

खिडकी उघडा. कूलर बाहेरची कोरडी हवा ओली करून आत ढकलतो, ती ओली हवा निघायला वाट नसेल तर थोड्या वेळानं हवेत आणखी पाणी मावत नाही आणि गारवा बंद पडतो. कूलर एका खिडकीत आणि समोरची खिडकी नाहीतर दार चार बोटं उघडं. मेमध्ये बाहेर ४२ असताना चांगला कूलर तोंडाशी २८-३० ची हवा देतो कारण आपली हवा वाळलेली असते, हेच मुंबईला नेऊन लावा, कपडे वाळत घालायला पण उपयोगाचा नाही. रोहिणी संपून मृगाची हवा फिरली की इथं पण तेच होणार, तेव्हा वॉरंटीवाल्याशी भांडू नका. गवताच्या जाळ्या दरवर्षी बदला, कुजल्या की खोलीला डबक्याचा वास येतो. आणि टाकीतलं पाणी आठवड्याला ओतून टाकून आतनं घासा, डासांची पैदास तिथंच होते.

प्रश्न : मास्तर, तुम्ही पुरुष लोक सगळे एकच लिहिता, अंगणात सडा मारून बाजा टाकायच्या, वाऱ्याला झोपायचं, चांदण्या मोजायच्या. आम्ही कुठं झोपायचो हे कुणी लिहिलं का? मी सून म्हणून आले तो पहिला उन्हाळा मी माजघरात काढला, दाराला आतनं कडी, डोक्यावरनं पदर. विचारायचंच म्हणता तर हे विचारते. (वाचक, हिंगोली जिल्हा, वय ६८)

ताई, तुमचं पत्र मी चारदा वाचलं. आणि खरं सांगायचं तर आलेल्या सगळ्या पत्रांचा गठ्ठा परत काढून बसलो आणि मोजलं. अंगणातल्या झोपेबद्दल अठरा जणांनी लिहिलंय, अठराही पुरुष. मी स्वतः पण मागच्या अंकात बाजेबद्दलच लिहिलं होतं, सुंभाची बाज कशी खालनं वारा देते वगैरे.

मला आठवतंय ते सांगतो. अंगणात ओळीनं बाजा, आजोबा, वडील, चुलते, आम्ही पोरं. आजी दाराजवळ खाली वाकळ टाकून. आई आणि दोन्ही काकू आत. म्हाताऱ्या झालेल्या बायकांना अंगण मिळायचं, तरण्यांना नाही. घर माळवदाचं होतं म्हणून दुपारी आत गार, पण रात्री बाहेर गार आणि आत दिवसाची धग उतरत असायची, शिवाय संध्याकाळच्या चुलीची. म्हणजे ज्या वेळेला आत बरं असतं तेव्हा त्या बाहेर विहिरीवर, धुण्यावर, शेतावर आणि ज्या वेळेला बाहेर बरं असतं तेव्हा आत. आता लिहिताना दिसतंय, तेव्हा कधी दिसलं नाही.

आणि दातात कळ मारणारं पाणी. आमच्या घरी न्हाणीजवळ निम्मा जमिनीत पुरलेला रांजण होता, बारा घागरींचा. तो कधी रिकामा बघितला नाही एवढंच मला ठाऊक होतं, भरायचं कोण हे मी विचारलं नाही कारण भरलेलाच असायचा. आड गावाबाहेर. बाहत्तरच्या दुष्काळात तो पण आटला, मी तेव्हा बारा वर्षांचा. मग नदीच्या वाळूत झिरे खांदले, रात्री पाणी साठायचं म्हणून बायका रात्रीच जायच्या, वाटीवाटीनं घागर भरायची, एकीची भरेपर्यंत बाकीच्या वाळूत बसलेल्या. एकदा मला मधेच जाग आली, चांदणं पडलेलं, आजोबा, वडील, चुलते सगळे घोरतायत, आणि वाड्याचं दार सताड उघडं. मी घाबरलो, चोर वाटला. तेवढ्यात आई आत आली, डोक्यावर दोन घागरी. म्हणाली झोप, अजून दोन खेपा आहेत. मी झोपलो.

वर मी माठाचा हिशोब मांडलाय की पाणी उडून जातं म्हणून गार होतं. तो रांजण रोज एवढा झिरपायचा की आई पुरलेल्या भागाभोवती कायम ओल आहे म्हणून तिथं पुदिना लावायची. त्याला ती म्हणायची, 'रांजण पिऊन बसलाय.' म्हणजे बारा घागरी आणल्या की घरच्यांना मिळायच्या साडेअकरा, उरलेली अर्धी रांजण प्यायचा, तोच आमचा गारवा. आठवड्याला तीन-साडेतीन घागरी होतात. मुलांना चौतीस वर्षं बाष्पीभवन शिकवलं, फळ्यावर रांजणाची आकृती काढली, बाण काढले, पण ती जास्तीची साडेतीन घागर कुणाच्या डोक्यावरनं आली ते कधी आकृतीत घातलं नाही.

माझी आई आहे, नव्वदीला टेकलीये, ऐकू कमी येतं. गेल्या वर्षी नातवानं तिच्या खोलीत एसी लावला, ती रिमोट उशीखाली ठेवते आणि कुणाला देत नाही. तुमचं पत्र मी तिला मोठ्यानं वाचून दाखवलं. अंगणाचं, कडीचं, पदराचं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, 'तिला विचार, पाणी किती लांब होतं.'

तर ताई, किती लांब होतं?